मैफलीत चित्रं काढत बसणं हा आगाऊपणा आहे का?

सहा_बी
नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच, तेव्हा सांभाळून घ्या.

मी पुण्यात बीएफए करते. पेंटिंग, तिसरं वर्ष. मूळची विट्याची. सकाळी लाईफचा (समोर बसलेलं मॉडेल बघून काढायचा) वर्ग, दुपारी कॉम्पोझिशन, संध्याकाळी मेस, रात्री सबमिशन, असा दिवस. खोलीत तिघी. दोघी पेंटिंगच्या आणि तिसरी बिचारी सीए करते. तिच्या नोट्सना टर्पेंटाईनचा वास यायला लागल्यापासून तिने आमचं दुकान गॅलरीत हलवलंय.

या सत्राचा प्रोजेक्ट आहे १२ चित्रांचा, विषय आपला आपण निवडायचा. मी 'चालू गाणं' निवडला. म्हणजे मैफलीत बसून, गाणं चालू असताना काढलेली चित्रं. सरांनी विषय मान्य केला, पण जाता जाता म्हणाले, "दिसलं ते काढू नकोस, ऐकलंस ते काढ." मी मान हलवली. अर्थ अजून लागायचाय.

मागच्या रविवारी सदाशिव पेठेत एका घरगुती बैठकीला गेले. पन्नासेक माणसं, सतरंजी, गाणाऱ्या बाई माझ्यापासून जेमतेम आठ फुटांवर. वही उघडली, कोळसा काढला. विलंबित (संथ लयीतलं गाणं) चालू होतं, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि त्यात माझा कोळसा खर्र... खर्र. तिसऱ्या-चौथ्या रेघेला शेजारचे काका वळून म्हणाले, "गाणं ऐकायला आलात की वारली शिकायला?" वही मिटली. पुढचा तासभर कानात गाणं नाही, काकाच.

प्रश्न दोन आहेत. एक, हा आगाऊपणा आहे का? आणि दुसरा जरा लाजिरवाणा. खोलीवर आल्यावर रूममेटने विचारलं, राग कुठला होता? मला सांगता आलं नाही. चित्र काढताना मला गाणं ऐकूच येत नाही बहुतेक. मग तिथेच बसून काढू, की नीट ऐकून घरी येऊन काढू?

नाममात्र
शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

कट्ट्यावरचा_बंडू
दादा, सोपं आहे. काकांकडे तोंड करून बसायचं आणि त्यांचंच पोर्ट्रेट काढायला घ्यायचं. आपलं चित्र निघतंय म्हटल्यावर माणूस पोट आत घेतो आणि गप्प बसतो.

सहा_बी
बंडू, 'आलेय', 'करते' एवढं वाचूनही दादा? :)

कट्ट्यावरचा_बंडू
सॉरी ताई. मोबाईलवर वाचतो, निम्मा मजकूर अंगठ्याखाली जातो.

श्रोता_जुना
मी त्या काकांच्या बाजूने आहे, आधीच सांगतो.

पन्नास माणसांच्या बैठकीत माईक नसतो किंवा नावापुरता असतो. तिथे गाणाऱ्याला शिंक ऐकू जाते, पाण्याच्या बाटलीचं झाकण ऐकू जातं. विलंबित ख्यालात स्वर अजून लागायचा असतो, तेव्हा तर श्वाससुद्धा बेताने घ्यावा. तुमच्या कलेबद्दल आकस नाही. पण आठ फुटांवर बसून कोळसा घासणं म्हणजे लाईफच्या वर्गात मॉडेलशेजारी बसून कुरमुरे खाणं.

मोठ्या महोत्सवाची गोष्ट वेगळी. मी १९९१ पासून सवाई गंधर्व महोत्सवाला जातोय. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली ते सुरू केलं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण बसायच्या रिवाजाबद्दल कुणी सांगत नाही. तिथे मागच्या बाजूला लोक विणकाम करतात, डबे उघडतात, झोपतात, उठून परत ऐकतात. रमणबागेत रात्र रात्र चालायचं तेव्हा पहाटेच्या रागाला उठवायला सांगून आडवे होणारे महाभाग आमच्यातच होते (मीही). पुढे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंदचे नियम आले आणि त्या रात्री गेल्या. आता मुकुंदनगरला असतं. तिथे भारतीय बैठकीत मागे बसून तुम्ही अख्खं भित्तिचित्र काढलंत तरी कुणी वळून बघणार नाही. डिसेंबरपर्यंत थांबा.

सहा_बी
काका, जुरी (परीक्षकांसमोर चित्रं मांडायची परीक्षा) तीन आठवड्यांनी आहे. डिसेंबरपर्यंत थांबले तर बॅकलॉग घेऊनच सवाईला यावं लागेल.

कुरमुऱ्यांचं मात्र पटलं.

खादाड_पुणेकर
विणकाम राहू द्या, सवाईच्या स्टॉलवरच्या आल्याच्या चहाबद्दल कुणी बोलणार आहे का? थंडीत, हातात कागदी कप, लांबून तंबोरा ऐकू येतोय. माझा निम्मा राग-अभ्यास त्या रांगेत झालाय.

फळा_खडू
मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) केलं, नंतर मुंबईत डिप्लोमा. तेव्हा अधिकाराने दोन गोष्टी सांगतो, आणि वयाने मोठा आहे म्हणून 'तू' म्हणतो.

कोळसा घरी ठेव. मैफलीत त्याच्या आवाजापेक्षा वाईट म्हणजे तो उडतो. शेजाऱ्याच्या पांढऱ्या झब्ब्यावर एक फुंकर गेली की तुझी चित्रकला आणि त्याची इस्त्री दोन्ही संपल्या. तुझ्या नावातच उत्तर आहे, ६बी पेन्सिल. टोक लांब काढ, पेन्सिल आडवी धर, गुळगुळीत कागद घे. स्पायरलची वही नको, पान उलटताना ती किरकिरते. शिवलेली वही घे. खोडरबर नेऊच नकोस. समोर बसू नकोस, बाजूला बस. समोरून गायकाचा चेहरा दिसतो आणि तू चेहऱ्यात अडकतेस. बाजूने पाठीचा कणा दिसतो, मांडी दिसते, उचललेला हात दिसतो.

दुसरी गोष्ट. 'ऐकू येत नाही' याची लाज वाटून घेऊ नकोस. आम्हाला मास्तर व्हीटी स्टेशनवर स्केचिंगला पाठवायचे. त्या इमारतीवरची पानं-फुलं, प्राणी जेजे कला महाविद्यालयाच्याच विद्यार्थ्यांच्या हातचे, पण आम्ही मान वर करून ते कधी बघितले नाहीत. आमचं लक्ष बाकावर झोपलेल्या हमालाकडे. पहिले सहा महिने मला गाड्यांच्या घोषणासुद्धा ऐकू यायच्या नाहीत, डोळ्यांनी सगळी जागा व्यापलेली असायची. सहा महिन्यांनी हात आपोआप चालायला लागला आणि कान मोकळे झाले. तू वर्षभर जा. तीन आठवड्यांत एवढंच होईल की रेघ सैल पडेल. तेही पुष्कळ आहे.

विघ्नसंतोषी
एवढा आटापिटा कशाला? एआयला सांगा, १२ चित्रं दोन मिनिटांत. काकाही खूश.

नाममात्र
@विघ्नसंतोषी, जेवणही तुमच्या वतीने दुसऱ्याने केलं तर वेळ किती वाचेल बघा.

म्युनिककर
गेली नऊ वर्षं म्युनिकला आहे, म्हणून हे सांगायचा मोह आवरत नाही. इथल्या लेनबाखहाउस संग्रहालयात चित्रकार कँडिन्स्कीचं एक चित्र आहे. २ जानेवारी १९११ ला त्याने इथे संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकली आणि त्यानंतर लगेच ते रंगवलं. अर्ध्याहून जास्त कॅनव्हास पिवळाधमक. वर एक काळा मोठा ठोकळा, तो पियानो. खाली वाकलेल्या गोलसर आकृत्या, ते श्रोते. शोनबर्गचा चेहरा वगैरे काही नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, रंग सांडला. तिसऱ्या खेपेला त्या पिवळ्याचा आवाज यायला लागला.

'ऐकलंस ते काढ' म्हणजे तुमच्या सरांना बहुतेक हे म्हणायचं असावं. माझं मत: वही नेऊच नका. ऐका, घरी या, झोपा, सकाळी जे उरलं असेल ते काढा.

फळा_खडू
म्युनिककर, चित्र थोर आहे, वाद नाही. पण कँडिन्स्की तेव्हा ४४ वर्षांचा होता आणि त्याआधी ढिगाने स्केचेस करून बसला होता. तिसऱ्या वर्षाच्या पोरीला 'वही नेऊ नकोस' सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला 'फ्लोट घेऊ नकोस' सांगणं. घरी बसून 'उरलेलं' काढायला घेतलं की काय होतं मला माहीत आहे. भैरव म्हटलं की निळं आकाश आणि देऊळ, मारवा म्हटला की केशरी सूर्यास्त. कॅलेंडर!

म्युनिककर
केशरी सूर्यास्ताला मीही भितो. तेवढ्यापुरतं अनुमोदन. बाकी वही न्यावी की न्यावी नये यावर आपलं जमणार नाही.

ढोलवाली_गौरी
ताई, मी कमर्शियल आर्टची, दुसरं वर्ष, शिवाय पथकात ढोल. जुलैपासून नदीपात्रात सराव. तुमच्याकडे कोळसा वाजतो म्हणून काका रागावतात, माझ्याकडे चाळीस ढोल वाजत असताना मी ड्रिल मशीनने चित्र काढलं तरी कुणाला कळणार नाही. अडचण वेगळीच आहे. टिपरूने (ढोल वाजवायच्या काठीने) तळहाताला फोड येतात आणि नंतर पेन्सिल धरवत नाही. मागच्या वर्षी लेटरिंगच्या सबमिशनला माझा 'ऋ' बघून मॅडम म्हणाल्या, "हा भूकंपात काढलास का?"

तरी चालू संगीतात ताशेवाल्यांसारखं मॉडेल नाही. मनगटं बघा त्यांची.

कट्ट्यावरचा_बंडू
हसून हसून पुरेवाट. भूकंपातला ऋ.

त्रिताल_१६
तबला वाजवतो, थोडंफार पोटही त्यावरच भरतो. वादकाच्या बाजूनेही कुणीतरी बोलावं म्हणून लिहितोय.

आम्हाला चित्र काढणाऱ्यांचा त्रास होत नाही. पहिल्या रांगेत मोबाईल वर धरून तासभर रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा होतो, कारण ते दाद देत नाहीत, त्यांचा हात अडकलेला असतो. चित्र काढणारा निदान बघत तरी असतो. बैठकीआधी जाऊन गाणाऱ्या बाईंना आणि यजमानांना एका वाक्यात विचारा, "मागे बसून स्केच केलं तर चालेल ना?" दहातले नऊ हो म्हणतील. मग काका काहीही म्हणोत.

आता कामाचं. तुमचा दुसरा प्रश्न, काढताना ऐकू येत नाही, तो मला वाटतं उलटा धरून सोडवता येईल. विलंबित एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) बहुतेक मिनिटभराच्या आसपास जातं, किराणा घराण्याच्या गाण्यात तर निवांत. बारा मात्रा, पण प्रत्येक मात्रा एवढी लांब की मध्ये चार माणसं राहून जातील. गाणारा त्या मिनिटात कुठेही फिरून येवो, शेवटी मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचंच असतं. आणि बघून ठेवा, त्या मुखड्याला त्याचा हात दर वेळी जवळजवळ तसाच उठतो. तीच मान, तोच खांदा. म्हणजे तुमचं मॉडेल दर मिनिटाला तीच पोझ पुन्हा देतंय. मग सगळं आवर्तन धावत कशाला काढायचं? पेन्सिल खाली ठेवून ऐकायचं. मुखडा आला की उचलायची, समेपर्यंत चार-पाच रेघा, परत ठेवायची. पुढच्या आवर्तनाला त्याच चित्रावर पुढच्या चार रेघा. सम चुकली तर रेघ चुकेल, त्यामुळे कान झक मारत ऐकतील.

द्रुत (जलद लय) सुरू झालं की मात्र वही मिटा. आमचे हात तेव्हा कुणालाच काढता येत नाहीत, फोटोतही धूर दिसतो.

सहा_बी
त्रिताल, हे मी तीनदा वाचलं. लाईफच्या वर्गात एका मिनिटाच्या पोझेस असतात, सर घड्याळ लावतात. तबला म्हणजे तेच घड्याळ हे डोक्यातच आलं नव्हतं.

श्रोता_जुना
यावर मला आक्षेप घेता येत नाहीये. वाईट वाटतंय.

मिरजकर_तंबोरा
सगळे गाणाऱ्याबद्दल बोलताय. मागे बसलेल्या तंबोऱ्यांचं काय?

आमच्या गावी सतारमेकर गल्ली आहे. पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानाच्या काळात तलवारींचं काम आटलं आणि त्या हातांनी तंबोरे घडवायला घेतले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. गल्लीतून जाताना ओट्यांवर भोपळ्यांच्या राशी दिसतील, काही अर्धे कापलेले, काहींवर पेन्सिलने वेलबुट्टी आखलेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. विट्याहून मिरज काही लांब नाही, सुट्टीत या. कारागीर नक्षी आखतो तेव्हा कागद वापरत नाही, थेट भोपळ्यावर. गोल पृष्ठभागावर सरळ रेघ कशी मारतात ते बघायलाच या.

शिवाय आमच्या दर्ग्यात उरसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं. त्यांची कबरही तिथेच. सवाई गंधर्वांचे गुरू ते. तिथे श्रोत्यांत हमाल, भाजीवाले, म्हातारे उस्ताद सगळे. वही उघडलीत तर कुणीतरी उलट सरकून जागा देईल.

आणि एक बारकी सूचना. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येचा हात बघा. मधलं बोट पहिल्या तारेला, बाकी तीन तारा तर्जनीने, दोन-दोन तास तेच. मॉडेल यापेक्षा स्थिर मिळणार नाही.

आई_दोघांची
विषयाला सोडून विचारते, माफ करा. माझा मोठा दहावीला आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही ए ग्रेड. त्याला फाईन आर्ट करायचंय. यांना पसंत नाही. सहा_बी, खर्च किती येतो गं? आणि खरं सांग, दिवस कसे जातात?

सहा_बी
काकू, प्रवेशाला सीईटी असते, ग्रेडचा पायाला उपयोग होतो, पण मेमरी ड्रॉईंगची तयारी वेगळी करावी लागते. फी कॉलेज सरकारी की खाजगी त्यावर आहे, फार फरक पडतो. फीपेक्षा सामान खातं. फुल इम्पीरियल म्हणजे २२ बाय ३० इंचाचा कागद. तो एक चुकला की त्या दिवशी मेसऐवजी वडापाव. पांढऱ्या रंगाची ट्यूब सगळ्यात आधी संपते, ती आम्ही वर्गात उसनी देत नाही. माझ्याकडे रिकाम्या ट्यूबा कात्रीने कापून आतलं खरवडून घ्यायचा एक डबा आहे.

दिवस कसे जातात... बसमध्ये शीटहोल्डर घेऊन चढलं की कंडक्टर रोज विचारतो, "बंदूक आहे का?" नखांत प्रशियन ब्लू कायम. लग्नाला गेलं की नातेवाईक मेंदी काढायला बसवतात. सुट्टीत गावी मंडळाचा देखावा मी रंगवते, थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठा आणि कापड. त्याचे पैसे मिळत नाहीत, महाप्रसाद मिळतो. एकदा एका मोठ्या संगीत कार्यक्रमासाठी आम्ही सहा जणांनी चार रात्री बसून स्टेजमागची झाडं-पानं रंगवली. मोबदला म्हणून पास मिळाले, तेही उभ्याचे. आमची पानं आम्हाला लांबून हिरवा ठिपका दिसली. अजून राग येतो.

तरी दादाला अडवू नका. निदान एकदा कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाला काकांना घेऊन या.

आई_दोघांची
वडापावचं वाचून पोटात कालवलं. यांना वाचायला दिलंय. बंदुकीवर हसले, हीच सुरुवात समजते.

खादाड_पुणेकर
चहाबद्दल शेवटपर्यंत कुणी बोललं नाही, नोंद घ्यावी.

नाममात्र
तीन आठवडे झाले. सहा_बी, जुरी झाली की नाही? की काकांनी वही जप्त केली?

सहा_बी
झाली! लिहायचंच होतं, परवापर्यंत झोपच भरून काढत होते.

मधल्या काळात तीन बैठका केल्या. प्रत्येक वेळी आधी विचारलं, तिन्ही ठिकाणी हो म्हणाले. एका बाईंनी अट घातली, "नाक लहान काढ." शिवलेली वही, ६बी, बाजूची जागा. ते काका पुन्हा कुठे भेटले नाहीत.

पहिल्या बैठकीत त्रिताल यांचं ऐकून मुखड्याची वाट बघत बसले. पहिली पाच-सहा आवर्तनं सम कुठे तेच कळेना, मी पेन्सिल उचलली की लोकांची दाद आधीच होऊन गेलेली. मग शेजारच्या आजींच्या मांडीवरच्या बोटांकडे बघायला लागले, त्या मात्रा मोजत होत्या. त्यांच्यामुळे जमलं. एका चित्रावर अकरा आवर्तनं लागली. हात उठलेला आहे आणि त्याच्याभोवती अकरा वेळा थोडा थोडा चुकलेला हात. मी काही पुसलं नाही, रबर नव्हताच.

दुसऱ्या बैठकीत गायक सोडून दिला. तंबोऱ्यावर माझ्याच वयाची मुलगी होती. तिचा हात काढत बसले, मिरजकर म्हणाले तो. एकच हात, पान उलटून परत तोच. चौथ्या पानाला लक्षात आलं की मी तिच्या बोटांबरोबर रेघ ओढतेय, चार तारा, चार रेघा, मध्ये थांबा. तेव्हा मात्र ऐकू येत होतं. तिसऱ्या बैठकीलाही तीच मुलगी होती, तिने मला बघून भुवया उडवल्या.

शेवटी १२ पैकी नऊ चित्रं फक्त तंबोऱ्यावरच्या हाताची लावली, तीन त्या अकरा हातांची. सगळी पेन्सिलची, रंग नाही. बाहेरच्या जुरीने विचारलं, "गायक कुठाय?" मी म्हटलं, पुढे बसलाय, चौकटीबाहेर. सर काही बोलले नाहीत, पण चहा पाजला. बी प्लस मिळाला. ए का नाही विचारलं तर म्हणाले, माउंटिंग (चित्राभोवतीचा पुठ्ठा) वाकडं होतं. खरंच होतं, पहाटे चारला कापलेलं.

फळा_खडू
माउंट नेहमी आदल्या दिवशी दुपारी कापावा. बाकी झकास. फोटो टाक.

त्रिताल_१६
अकरा आवर्तनं! तबलेवाल्याचे पाय मुंग्यांनी भरले असतील. फार आनंद झाला वाचून.

मिरजकर_तंबोरा
दिवाळीत या. भोपळे तेव्हा वाळलेले असतात.

कट्ट्यावरचा_बंडू
सगळं ठीक, पण मूळ मुद्दा राहिला. राग कुठला होता?

सहा_बी
दुसऱ्या बैठकीत मारवा. आणि केशरी वापरला नाही.

श्रोता_जुना
मारवाच कशावरून? पुरियाही असू शकतो, स्वर तेच. षड्ज टाळत होते का? ऋषभ-धैवतावर थांबत होते की गंधार-निषादावर? तंबोऱ्याची पहिली तार कशात लावली होती?

सहा_बी
पहिली तार निषादात, त्या मुलीला विचारून घेतलं होतं. बाकी आठवत नाही हो काका.

श्रोता_जुना
निषाद दोन्हीला चालतो. त्यावरून काही ठरत नाही.

त्रिताल_१६
झालं सुरू. वेगळा धागा काढा.

खादाड_पुणेकर
काढा, आणि तिथे पहिला प्रतिसाद चहावर माझा.